मुकुंदवाडीचा पाप धुणारा संगणक

दर गुरुवारी संध्याकाळी मुकुंदवाडीच्या समाजमंदिरापुढं एवढी गर्दी व्हायची की रिक्षावाले लांबूनच म्हणायचे, "इथंच उतरा बाई, पुढं म्हाराज हायेत." गर्दीतल्या प्रत्येकाच्या एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात पाण्याचा भरलेला कॅन. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो हा उन्हाळा. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. त्या पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. आणि त्याच बायका तोच कॅन कमरेवर घेऊन इथं शहाण्यासारख्या रांगेत उभ्या! कशासाठी? तर संगणकात पाप धुवायला.

हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते, भडकले होते.

समाजमंदिरात सहा संगणक होते. वॉर्डाच्या निधीतून आलेले, पोरांना अभ्यासाला आणि फॉर्म भरायला फुकट. त्यातला मधला एक संगणक क्षालनानंद महाराजांनी काबीज केला होता. त्याला झेंडूचा हार, कपाळाला, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, हळदकुंकू, आणि माउसखाली लाल कापड. भक्तानं पुढं यायचं, पाप धुण्याचं तीर्थ म्हणून बाहेरच्या टाकीत पाणी ओतायचं आणि महाराजांचा चेला सांडू याच्या कानात आपलं पाप सांगायचं. सांडू ते खटाखटा टाइप करायचा आणि पडद्यावर ठेवून द्यायचा. पडद्यावर हिरव्या डोंगराचं चित्र, आणि त्या डोंगरावर तुमच्या पापाची बारकी फाइल.

मग महाराज लिंबू ओवाळायचे. "ॐ माउसाय नमः! ॐ मॉनिटराय नमः! समस्त व्हायरस भस्म भस्म भस्म!" बटण दाबायचे. पडदा काळा. पुन्हा बटण. पडदा उजळायचा आणि डोंगरावर काही नाही! फाइल गायब, पाप गायब.

"गेलं!" महाराज गरजायचे. "गंगेत पाप धुतलं तर गंगा घाण होते. इथं बघा, पडदा कसा लख्ख! या यंत्रात रॅम असतो. रॅम म्हणजे कोण? अरे, आपला राम! आणि एक ध्यानात ठेवा. हे यंत्र फक्त पापच खातं. पुण्याला बोट लावत नाही."

टाळ वाजायचे. बायका डोळे पुसायच्या. खिशात हजारोंचे मोबाईल बाळगणारी, कंपनीत मशिनी चालवणारी पोरं व्हिडिओ काढून गावभर पाठवायची आणि खाली लिहायची, 'विज्ञानही थक्क'. विज्ञान कशाला थक्क होतंय? विज्ञान त्या वेळी शाळेत दहावीचे पेपर तपासत बसलं होतं. मी सुकेशनी, जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवते. तोंडाळ बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही.

या प्रकाराची सुरुवात केली समाजमंदिराच्या कडुबानं. कडुबा तिथं राखणदार. भला माणूस, पण कुणी काहीही सांगो, खरं मानणारा. एकदा टवाळ पोरांनी सहाही संगणकांच्या पडद्यावर कुठल्यातरी नटीचे नको तसले फोटो लावले. कडुबाला ते काढता येईनात. लाजेनं बिचाऱ्यानं सगळे बंद केले, कुलूप लावलं. सकाळी चालू केले तर सहाच्या सहा पडद्यांवर हिरवा डोंगर. "म्या हात बी नाय लावला, अन् सगळं धुऊन निघालं!" हे त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवरून ते वस्तीत पसरलं आणि वस्तीतून महाराजांच्या कानावर गेलं. पुढच्याच गुरुवारी महाराज हजर, सोबत भगवा फेटा बांधलेला सांडू.

तरी मी कानाडोळा केला असता. लोकांना लिंबं वाया घालवायची असतील तर घालवू देत. पण एका दुपारी राजाबाई माझ्या दारात आली.

राजाबाई मूळची फुलंब्रीकडची, धनगराची. गावाकडं चारा संपला तसा तिचा नवरा मुंजाबा मेंढरं घेऊन लांब रानोमाळ हिंडत होता, आणि ही मुकुंदवाडीत खोली करून जालना रोडला नव्या इमारतींच्या कामावर जायची. कशासाठी? लेकीसाठी. लेक ज्ञानेश्वरी माझी जुनी विद्यार्थिनी, आता सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या अख्ख्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेली पहिली पोरगी. ती आईच्या मागं मान खाली घालून उभी होती.

"बाई, पोरीच्या हाताला अक्षर ठरंना झालंय," राजाबाई म्हणाली.

"म्हणजे काय गं?"

"कालिजात द्यायचा रिपोट तिनं समाजमंदिरात लिवला. दुसऱ्या दिशी जाऊन बघतंय, तर नाय. पुन्हा लिवला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा बी तेच. मग म्या म्हाराजाला इचारलं."

"आणि काय म्हणाले तुझे म्हाराज?"

"यंत्र फकस्त पाप खातंय. पोरीचं लिवलेलं खाल्लं, म्हंजी ते पापच नव्हं का? तिच्यावर सावली हाय म्हणले. शिकवणं बंद करा, मेंढरामागं धाडा, नायतर घरावर येईल. ऐतवारी तिचा बाप पिकअप घेऊन येतोय न्यायला." ती उंबऱ्यावरच बसली. "बाई, म्या इटा उचलून शिकवलं हो तिला. पण घरावर आलं तर?"

मी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

"मी सेव्ह केलं होतं, बाई. बंद करायच्या आधी उघडून बघितलं पण होतं." ती क्षणभर थांबून म्हणाली, "माझ्यातच काही तरी असेल का?"

गणितात पैकीच्या पैकी मार्क घेणारी ही पोरगी! आईचं म्हणणं तरी कुठं वेडगळ होतं? यंत्र फक्त पाप खातं, यंत्रानं पोरीचं लिखाण खाल्लं, म्हणून लिखाण पाप. हिशेब अगदी चोख होता. फक्त पहिलं वाक्य सडकं होतं, आणि ते तिला त्या भोंदू महाराजानं दिलं होतं.

"ऐतवार लांब आहे," मी म्हणाले. "गुरुवारी दोघी माझ्यासोबत यायचं. तोवर कुणी कुठं जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी समाजमंदिर गाठलं. गुरुवार नव्हता, त्यामुळं तिथं फक्त कडुबा आणि माश्या. कोपऱ्यातल्या, हार न घातलेल्या संगणकावर बसले आणि टाइप केलं: 'क्षालनानंद महाराज भामटा आहे.' सेव्ह केलं. लिंबू नाही, मंत्र नाही. बंद केला, चालू केला. गायब! मग तेराचा पाढा लिहिला. तोही गायब. तेराच्या पाढ्यात काय पाप असणार? पोरांना विचारलं तर ती म्हणतील, सगळंच.

"कडुबा, हे संगणक बसवले कुणी?"

"औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आले व्हते. त्याचं चिटूक हाय की मागं."

संगणकाच्या डब्याच्या मागं धूळ खात असलेल्या स्टिकरवर फोन नंबर होता. मी तिथूनच फोन लावला. इंद्रजीत नावाचा मुलगा बोलला. मी सगळं सांगितलं तर तो आधी हसत सुटला.

"अरे म्याडम, तो चमत्कार तर आम्हीच टाकलाय! सगळ्यांच्या वापरातल्या मशीनला तो प्रोग्राम टाकावाच लागतो. नाय तर ही पोरं महिन्याभरात डबा करतात. मशीन बंद-चालू झालं की जसं बसवलं होतं तसं. बस. कोपऱ्यात घड्याळापाशी एक बारकी खूण आहे बघा."

बघितली. होती. इतके दिवस हळदकुंकवानं बरबटलेल्या पडद्यावरही ती दिसत असणार, पण तिच्याकडं कोण बघतो?

"मग हे इथं कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना, उद्घाटनाच्या दिवशी. पण सगळे फोटोत उभं राहायला पळाले. अन् नंतर कुणी विचारलंच नाय." मग तो गंभीर झाला. "त्या पोरीचा रिपोर्ट गेला का? आता तो परत नाय यायचा, म्याडम. पेन ड्राइव्हवर घ्यायला पाहिजे होता. गुरुवारी मी येतो. तो प्रोग्राम बंद करायचा पासवर्ड फोनवर नाय सांगत."

गुरुवारी मीही रांगेत. डोक्यावर पदर, हातात लिंबू, कमरेवर कॅन. शेजारच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "अगं, बाई बी आल्या! आता तर खरंच म्हणायचं!" मागं राजाबाई आणि ज्ञानेश्वरी. माझा नंबर आला तसे महाराज प्रसन्न हसले. शाळेची बाई गळाला लागली म्हणजे काय साधी गोष्ट झाली?

"बोल माई, कोणतं पाप?"

"पाप नाही महाराज, पुण्य आणलंय." मी मोठ्यानं बोलले, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. वर्गात बोलून बोलून आवाज तयार आहे. "तुम्हीच म्हणता, यंत्र पुण्याला बोट लावत नाही. खरं ना?"

"त्रिवार सत्य."

"मग तुमची आरती यात लिहू. लिंबू ओवाळा, बंद करा, चालू करा. आरती तशीच्या तशी राहिली की या पोरांना व्हिडिओ काढू दे. जगभर जाईल."

महाराजांचा हात लिंबासकट हवेत थांबला. सांडूनं फेटा जरा खाली ओढला.

"माई, आज यंत्र तापलंय. शिवाय अमावस्या जवळ आहे..."

आणि इथं कडुबानं कमाल केली. महाराजांचा सगळ्यात मोठा भक्त तोच, त्याला वाटलं आता महाराजांची कीर्ती आभाळाला टेकणार. तो ओरडला, "तापलंय तर दुसऱ्यावर करू की! पाच हायेत! बोला, क्षालनानंद महाराज की..."

"जय!" अख्खं समाजमंदिर दणाणलं. आता महाराज नाही म्हणतील कसे?

ज्ञानेश्वरी एका संगणकावर बसली आणि आरती टाइप केली. दुसऱ्यावर मी राजाबाईला बसवलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून चित्र काढायचं पान उघडून दिलं. "काढ काहीतरी. मनाला येईल ते."

"मला मेंढरू तेवढं येतंय," ती लाजून म्हणाली. माउस कधी धरला नव्हता, त्यामुळं मेंढराला एक पाय जास्तीचा आला आणि शेपूट डोक्याकडून निघालं. पण होतं मेंढरूच. लोक खदखदून हसले, तीही हसली. आम्ही ते सेव्ह करून डोंगरावर ठेवलं.

आरतीच्या संगणकापुढं महाराजांनी मंत्र म्हटला. आवाज बसल्यासारखा. 'व्हायरस भस्म' एकदाच. राजाबाईच्या संगणकाला लिंबू नाही, मंत्र नाही, तिनंच बटण दाबलं. दोन्ही बंद. दोन्ही चालू.

दोन्हीकडं नुसता हिरवा डोंगर.

मग राजाबाई उठून उभी राहिली.

"म्हाराज, तुमची आरती बी खाल्ली की वो यंत्रानं. ती बी पापच म्हणायची का?" आणि मग तिचा आवाज चढला. "अन् माझ्या मेंढरानं कुणाचं काय घोडं मारलं व्हतं?"

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू एकदम सुटलं. महाराज दोन्ही हात वर करून ओरडू लागले, "अश्रद्ध लोकांची दृष्ट लागली! खरं पाप आणा! कुणाचंही खरं पाप आणा, आत्ता धुऊन दाखवतो!"

"आणतो ना," मागून आवाज आला. इंद्रजीत गर्दीतून वाट काढत पुढं आला. त्यानं सांडूकडं पाहिलं आणि थबकला. "अबे, तू इकडं? म्याडम, हा तर आमच्याच दुकानात होता! ही सगळी मशीन यानंच माझ्यासोबत बसवली!"

सांडूचा फेटा आता नाकापर्यंत आला होता. दाराकडं सरकायला गेला, पण दारात बायका उभ्या होत्या, रिकामे कॅन घेऊन.

इंद्रजीतनं हार घातलेल्या संगणकावर बसून घड्याळापाशी टिचकी मारली, पासवर्ड टाकला, प्रोग्राम बंद केला. "महाराज, आता तुमची पाळी. कुणाचं पाप घेता?"

"माझं घ्या," कडुबा म्हणाला. गरीब बिचारा, त्याची श्रद्धा अजून जिवंत होती. त्यानं इंद्रजीतच्या कानात काहीतरी सांगितलं, इंद्रजीतनं ते लिहून डोंगरावर ठेवलं. राजाबाईनंही शेजारी नवं मेंढरू काढून ठेवलं. या वेळी पाय बरोबर आले. महाराजांनी घामाघूम होत अख्खा मंत्र म्हटला, लिंबू पिळलं, बटण दाबलं. पडदा काळा झाला, उजळला.

डोंगरावर पाप तसंच. शेजारी मेंढरूही तसंच.

"उघडा, उघडा!" पोरं ओरडली. कडुबा "नको, नको" म्हणेपर्यंत कुणीतरी उघडलंच. मोठ्या अक्षरात होतं: 'समाजमंदिराचा पंखा मी माझ्या घरी लावला आहे.'

"तरीच!" एक म्हातारा कपाळ पुसत म्हणाला. "तरीच म्हणलं इथं येवढा उकाडा कामून!"

कडुबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. खोटं कशाला बोलू, वीस वर्षांच्या नोकरीत विज्ञानाचा असला प्रयोग मी केला नव्हता.

मग मी खुर्चीवर चढले. "ऐका! शाळेत शिपाई सकाळी फळा पुसतो. त्यावर गणित आहे की शिवी आहे, हे तो वाचत बसत नाही. हा प्रोग्राम तसाच. संगणक बसवला त्या दिवशीचं रूप यानं जपून ठेवलंय. त्यानंतर तुम्ही जे लिहाल ते हा वेगळं बाजूला ठेवतो, तुम्हाला वाटतं आत साठलं. बंद करून चालू केला की ते सगळं फेकून देतो आणि पहिलं रूप दाखवतो. सगळ्यांच्या वापराच्या संगणकाला तो लागतोच, नाहीतर घाण साठते. कडुबानं रात्री बंद केला, म्हणून नटी गेली. कडुबानं रात्री बंद केला, म्हणून ज्ञानेश्वरीचा रिपोर्ट गेला. आपलं काम पेन ड्राइव्हवर घ्यायचं, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. सावली नाही, पाप नाही, काही नाही!"

राजाबाईनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग एकाएकी वळली आणि म्हणाली, "अन् पाण्याचं काय?"

"कसलं पाणी?"

"ह्या टाकीतलं. आमच्या साइटीवर स्लॅबला मारायला पाणी येतंय, त्या ट्रॅक्टरवर हा सांडूच बसून येतो. म्या म्हणलं, म्हाराज मोठ्या मनाचे, बिल्डिंगीला बी तीर्थ देतेत."

आता कुणी हसलं नाही. लेकरांच्या तोंडचं पाणी लोकांनी इथं ओतलं होतं आणि ते नव्या फ्लॅटांच्या सिमेंटला पाजलं जात होतं, विकत! चार-दोन गडी बाह्या सरसावून पुढं झाले. मी आडवी गेले. "हात लावायचा नाही कुणी! जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडं. पोलिसांना बोलवा." पोलीस येईपर्यंत महाराज आणि सांडू मधल्या संगणकाजवळ भिंतीला टेकून बसून राहिले. बाहेर बायकांनी टाकीचा नळ सोडला आणि आपापले कॅन भरून घेतले. पाण्याची रांग असून त्या दिवशी एकही भांडण झालं नाही.

ऐतवारी मुंजाबा पिकअप घेऊन आला. मी मुद्दाम राजाबाईच्या खोलीवर जाऊन बसले होते. उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, डोईला मुंडासं, थकलेला माणूस. त्याचा राग नव्हता, भीती होती.

"म्हाराज लबाड निघाला आसंल," तो म्हणाला, "पण म्या मेंढरं हायेत तिकडच्या भगताला बी इचारलं. त्यो बी म्हणला, सावली हाय. अंगारा दिला, अन् म्हणला चार दिसांत मेंढरांचा खोकला थांबंल. थांबला की. मग त्याचं खोटं कसं मानू?"

मी तोंड उघडणार होते. राजाबाईनं मला हातानं गप्प केलं.

"सगळ्या मेंढरांना लावला का अंगारा?"

"नाय. पुरला तेवढ्यांना."

"मग ज्यांना नाय लावला, त्यांचा खोकला ऱ्हायला का?"

मुंजाबानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "त्यांचा बी थांबला," तो हळूच म्हणाला.

खोलीच्या कोपऱ्यात ज्ञानेश्वरी रिपोर्ट चौथ्यांदा कागदावर जुळवत बसली होती. गेलेली पानं परत येणार नव्हती, हे तिला कळून चुकलं होतं. मुंजाबानं तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कालिज कधी सुरू हाय तुझं?" मग पिकअपमध्ये चाऱ्याच्या पेंढ्या भरून तो एकटाच गेला.

देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला की राजाबाईनं विचारलं तेच विचारा: मंत्राशिवाय काय होतं? अंगारा न लावलेल्यांचं काय झालं? हे विचारायला शाळा लागत नाही, डिग्री लागत नाही. तिला तर सहीसुद्धा येत नाही. आणि हा प्रश्न विचारला म्हणून जो चिडेल, त्याच्या हाती आपली लेक देऊ नका.